डीएमआर हॉटस्पॉट: ऐकू सगळं येतं, माझा आवाज मात्र फाटतो (मदत हवी आहे)

पेठकर:
नमस्कार मंडळी. राहायला कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, हॅम रेडिओचं (हौशी वायरलेसचं) लायसन रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं, कॉलसाइन (हवेतली माझी ओळख) व्हीयू३मधला. चारी बाजूंनी इमारती, त्यामुळे माझ्या हँडीला (हातातल्या डीएमआर, म्हणजे डिजिटल रेडिओ सेटला) एकही डिजिटल रिपीटर (आवाज पकडून पुढे पाठवणारं केंद्र) लागत नाही. म्हणून घरीच हॉटस्पॉट लावला, म्हणजे हँडीला इंटरनेटवरून नेटवर्कशी जोडणारा छोटा संच. रास्पबेरी पाय झिरो (चिमुकला संगणक), त्यावर छोटा एमएमडीव्हीएम बोर्ड (रेडिओचा मॉडेम) आणि कार्डात पाय-स्टार हे सॉफ्टवेअर. ब्रँडमायस्टर या डीएमआर नेटवर्कशी जोडणी होते, टॉकग्रुप ४०४ वर (भारताच्या सामायिक गप्पांच्या ग्रुपवर) चेन्नई, कोची, बंगळूर सगळे स्वच्छ ऐकू येतात.

अडचण माझ्या बाजूनं आहे. मी बोललो की समोरचे म्हणतात, "कॉलसाइन दिसतोय, पण शब्द कळत नाहीत." ९९९० वर पॅरटला (बोललेलं परत ऐकवणाऱ्या सेवेला) प्रायव्हेट कॉल करून स्वतःचा आवाज ऐकला. अक्षरं तुटतात आणि मध्येच किरकिर येते. डॅशबोर्डवर माझ्या ओळीत बीईआर (चुकीच्या बिट्सचं प्रमाण) चार-साडेचार टक्के, लॉस (हरवलेला डेटा) शून्य.

सेटिंग असं: ४३८.८०० मेगाहर्ट्झ, कलर कोड १, स्लॉट २, हँडी लो पॉवरवर. डीएमआर आयडी रेडिओत आणि पाय-स्टारमध्ये तोच आहे. ब्रँडमायस्टरच्या सेल्फकेअरमध्ये (माझ्या खात्याच्या पानावर) ठेवलेला पासवर्डही घातलाय.

दुसरं म्हणजे, गप्पा रंगात आल्या असताना मी पीटीटी (बोलायचं बटण) दाबला तर डॅशबोर्डवर माझं नावच उमटत नाही. असं का होतं?

बोर्ड विकणारा म्हणतोय रेडिओच बदला. चप्पल आहे का, बसली नाही की बदलून आणायला!

बावड्याचा बाळू:
भावा, बाकीचं राहू दे, आधी फ्रिक्वेन्सी बदल. ४३८.८०० हा पाय-स्टारमध्ये आयता येणारा आकडा. आपल्याकडं ७० सेंटीमीटरच्या बँडला हॅमसाठी ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा आहे, तू त्याच्या बाहेर बोलायलायस. आणि ४३८ च्या आत यायचं म्हणून ४३७ वर जाऊन बसू नको. ४३५ ते ४३८ मध्ये उपग्रहांचं काम चालतं. ४३५ च्या खालीच जागा बघ, आधी थोडा वेळ ऐक, मोकळी असली तर घे. हँडी आणि पाय-स्टार दोन्हीकडं तोच आकडा टाक.

जुना ऑपरेटर:
तुमच्या इंटरनेटला दोष देऊ नका. बीईआर हा हँडी आणि बोर्ड यांच्यामधल्या टप्प्याचा असतो, म्हणजे बिघाड तुमच्या खोलीतच आहे. एक टक्क्याच्या आत असेल तर आवाज छान येतो. चारच्या पुढे गेला की चुका दुरुस्त करताना कोडेक (डिजिटल डेटाचा पुन्हा आवाज करणारा भाग) हात टेकतो आणि ती किरकिर सुरू होते.

बहुतेक वेळा कारण एकच निघतं: बोर्डावरचा क्रिस्टल (फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग) जरासा सरकलेला असतो. डीएमआरचा चॅनल १२.५ किलोहर्ट्झचा, त्यात पाचशे हर्ट्झची चूकसुद्धा बोचते. साध्या एफएमवर तुम्हाला ती कळलीही नसती. पाय-स्टारच्या एक्स्पर्ट पानावर एमएमडीव्हीएमहोस्ट उघडा, मॉडेम भागात आरएक्सऑफसेट आहे, म्हणजे ऐकायच्या फ्रिक्वेन्सीची हर्ट्झमधली दुरुस्ती. त्यात १०० टाका, सेव्ह करा, पॅरटवर दहा सेकंद बोला, बीईआर बघा. वाढला तर उणे १०० करून बघा. ज्या दिशेला उतरतो त्या दिशेला शंभर-शंभरनं सरकत राहा. तळ गाठून पुन्हा चढायला लागला की मागे या. टीएक्सऑफसेटलाही (पाठवायच्या बाजूच्या दुरुस्तीलाही) सहसा तोच आकडा चालतो. आणि हे करताना हँडी बोर्डाच्या शेजारी धरू नका. लो पॉवर असली तरी इतक्या जवळून बोर्डाचा रिसीव्हर गुदमरतो. पलीकडच्या खोलीत जाऊन बोला.

रेडिओ बदलायची काही गरज नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: तुमचा हॉटस्पॉट सिम्प्लेक्स आहे. एकाच फ्रिक्वेन्सीवर एक तर तो बोलेल, नाहीतर ऐकेल. कोचीचा माणूस बोलत असताना बोर्ड त्याचा आवाज तुमच्या हँडीकडे पाठवत असतो, तेव्हा तुमचा पीटीटी त्याला ऐकूच येत नाही. खऱ्या रिपीटरला दोन फ्रिक्वेन्सी असतात, म्हणून तिथं अशी कोंडी होत नाही. म्हणूनच नेटवर्कवर प्रत्येकानं बोलणं संपल्यावर दोन-तीन सेकंद जागा सोडायची असते. पण आपल्या लोकांना थांबणं जमतंय कुठं!

वाडीची सून:
जरा वेगळं विचारते. आमच्याकडे नृसिंहवाडीत दर पावसाळ्यात पाणी येतं. पेठकरदादांसारखा हॉटस्पॉट घेतला तर पुरात उपयोगी पडेल का? हॅम लायसनच्या परीक्षेचा अभ्यास चालू आहे, तो पुरासाठीच.

जुना ऑपरेटर:
ताई, खरं सांगायचं तर त्याच्यावर विसंबू नका. हॉटस्पॉटला वीज लागते आणि इंटरनेट लागतं, पुरात नेमकी तीच दोन आधी जातात. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता, तेव्हा तुमच्या राउटरची काय कथा. पुरासाठी दोन मीटरच्या हॅम बँडवर साधा एफएम सेट, बारा व्होल्टची बॅटरी आणि गच्चीवर अँटेना. डीएमआरची हँडी घेतलीत तरी तिच्यात एफएम असतोच, पैसे वाया जाणार नाहीत. परीक्षा आधी द्या, खरेदी नंतर.

पेठकर:
बाळूभावा, ४३४.८५० मोकळी मिळाली, तिथं आलो. ऑफसेट उणे ४०० वर बीईआर ०.४ झाला. पॅरटवर माझा आवाज मलाच ओळखू आला! काका, तुमचे आभार मानावे तेवढे थोडे.

आता एकच उरलं. थोडा वेळ पीटीटी दाबला नाही की ४०४ आपोआप गप्प होतो. दर वेळी दाबून जागं करायचं का?

बावड्याचा बाळू:
नाही रे. दाबून लागतो तो डायनॅमिक, तो काही वेळानं सुटतोच. सेल्फकेअरमध्ये तुझ्या हॉटस्पॉटच्या पानावर ४०४ स्टॅटिक म्हणून टाक, मग तो लागलेलाच राहतो. दुसरा ग्रुप दाबून लावलास आणि तो नकोसा झाला तर ४००० वर एकदा पीटीटी दाब. आणि रविवारी तिकटीवर चहा तुझ्याकडून.