संसार सोडलेला राजपुत्र की संसार टाळलेला? ऑर्लेआंचा ड्यूक लुई (१७०३–१७५२)

मूळ धागा

फ्रान्सच्या राजघराण्यातला भक्तिमान पुरुष म्हटला की तेराव्या शतकातला संत लुई आठवतो. मला मात्र त्याच्याच नावाचा, सुमारे पाचशे वर्षांनंतरचा वंशज, ऑर्लेआंचा ड्यूक लुई, अधिक गूढ वाटतो. पंधराव्या लुईच्या बालपणी राज्यकारभार पाहणाऱ्या रीजंट फिलिपचा हा एकुलता एक औरस मुलगा. बापाच्या पॅरिसमधल्या पालै-रॉयाल या वाड्यातल्या रात्रीच्या मेजवान्या बदनाम होत्या, आणि मुलगा नेमका दुसऱ्या टोकाला गेला. १७२४ साली बाडेनच्या राजकन्येशी त्याचे लग्न झाले. दोनच वर्षांनी दुसऱ्या बाळंतपणात ती वारली आणि त्यानंतर त्याचे मन संसारातून उडाले ते कायमचे. पॅरिसच्या सेंट जनविएव्ह मठात तो आधी अधूनमधून आणि १७४२ पासून कायमचा राहू लागला.

माझे मत असे, की याला वैराग्य म्हणू नये. राजाला मुलगा होईपर्यंत गादीचा वारस मानला गेलेला, मोठ्या जहागिरीचा धनी असलेला माणूस मठात जाऊन बसतो, तेव्हा तो आपल्या वाट्याची कामे दुसऱ्याच्या गळ्यात टाकत असतो. शिवाय त्याची भक्ती निरुपद्रवीही नव्हती. कोरेज्जो या इटालियन चित्रकाराने सोळाव्या शतकात रंगवलेले, वडिलांनी हौसेने मिळवलेले ‘लेडा आणि हंस’ हे चित्र (हंसाच्या रूपात आलेल्या झ्यूस देवाच्या आणि लेडाच्या शृंगाराची ग्रीक कथा) त्याला इतके अश्लील वाटले, की त्याने त्याचे तुकडे केले.

प्रतिसाद १

सहमत नाही. आपल्याकडे स्मशानवैराग्य हा शब्द आहे. चिता विझेपर्यंत टिकणारे ते वैराग्य. या माणसाचे सव्वीस वर्षे टिकले. विशीतला, अमाप पैशाचा धनी असलेला राजपुत्र पुन्हा बोहल्यावर चढला नाही, हे त्या दरबारात किती अवघड होते याचा विचार करावा.

आणि मठात तो नुसता माळ ओढत बसला नव्हता. बायबल मुळातून वाचता यावे म्हणून तो हिब्रू, ग्रीक आणि इतर प्राचीन भाषा शिकला आणि त्याने स्तोत्रांचा अनुवाद केला. खनिजे आणि निसर्गातल्या वस्तूंचा मोठा संग्रह त्याने जमवला आणि तो सांभाळायला ज्याँ-एतिएन गेतार या निसर्ग-अभ्यासकाला आश्रय दिला. फ्रान्समधले ओव्हेर्न्यचे डोंगर म्हणजे विझलेले ज्वालामुखी आहेत, हे पुढे ज्याने ओळखले तोच हा गेतार. ड्यूकच्या निधनानंतर तो संग्रहही त्याच्याकडेच आला. आपला देह शल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी द्यावा, असेही ड्यूकने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. अठराव्या शतकातल्या श्रद्धाळू ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हे. जहागिरीचे हिशेब लिहायला कारकून मिळतात; गेतारला पोसणारा रोज मिळत नाही.

प्रतिसाद २

चित्राबद्दल थोडे सांगतो, कारण ते मी बर्लिनच्या संग्रहालयात पाहिले आहे. झाडाखाली बसलेली लेडा, तिला बिलगलेला हंस, उजवीकडे पाण्यात उतरलेल्या मुली, डावीकडे वाद्ये घेतलेले बालकामदेव, हे सारे कोरेज्जोचे. लेडाचा चेहरा मात्र कोरेज्जोचा नाही. तो तुकडा गेला तो गेलाच. उरलेले तुकडे शार्ल-आंत्वान कुआपेल या चित्रकाराने मागून घेतले आणि जोडले, पुढे ते चित्र प्रशियाच्या फ्रेडरिककडे गेले, आणि आज जो चेहरा दिसतो तो एकोणिसाव्या शतकात श्लेसिंगर नावाच्या जर्मन चित्रकाराने रंगवलेला आहे. समोर उभे राहिले की नजर पुन्हा पुन्हा त्याच चेहऱ्याकडे जाते, आणि आपण तीनशे वर्षे उशिरा आलेल्या माणसाचे काम पाहत आहोत हे माहीत असल्यामुळे बाकीचे चित्र नीट पाहताच येत नाही.

तरीही धागाकर्त्याचा निष्कर्ष मला पटत नाही. त्याच घराच्या संग्रहात कोरेज्जोचीच ‘डानाए’ होती, तिशियनची डायनाची दोन चित्रे होती, आणि त्यांत वस्त्रे काही फार नाहीत. ती सगळी शाबूत राहिली. ज्याला नग्नता म्हणून खटकते, तो एवढ्यावर थांबत नाही. हा राग कलेवर नसून बापावर असावा, असा माझा तर्क आहे.

धागाकर्ता

तर्क आवडला, पण त्याने माझेच म्हणणे बळकट होते. बापावरचा राग चित्रावर काढणे याला भक्ती कसे म्हणावे? सुनेच्या चारित्र्याबद्दल शंका घेऊन याच सत्पुरुषाने आपल्या नातवंडांना औरस मानायला नकार दिला. पुढे क्रांतीत गिलोटिनखाली गेलेला फिलिप एगालिते हा त्यातलाच एक. मठाच्या भिंतीआड राहून घरातल्या पोरांवर असा कलंक लावण्यापेक्षा घरी राहून भांडलेले परवडले असते.

प्रतिसाद १

नातवंडांच्या बाबतीत त्याची बाजू मी घेणार नाही. ते निर्दयपणाचे होते. पण भक्ती खरी की खोटी, हे तपासायचे तर १७५२ चा फेब्रुवारी पाहावा. जान्सेनपंथी (चर्चने पाखंडी ठरवलेल्या एका कॅथलिक पंथाच्या) विचारांचा संशय घेऊन सेंट एतिएन द्यू माँच्या पाद्रीने मरणासन्न ड्यूकला अखेरचा प्रसाद नाकारला. पॅरिसमध्ये त्या काळी असे नकार गाजत होते आणि पार्लमेंट, म्हणजे तिथले वरिष्ठ न्यायालय, त्यावरून पाद्र्यांना जाब विचारत होते. राजघराण्यातल्या माणसाने नुसते बोट उचलले असते, तरी त्या पाद्रीची धडगत नव्हती. ड्यूकने तक्रार केली नाही. आपल्या खाजगी धर्मगुरूकडून प्रसाद घेतला आणि डोळे मिटले.