पक्षी डायनासोरांपासून आले हे वर्गात पटवायचं कसं? आर्किऑप्टेरिक्सच्या चित्रापलीकडे काय दाखवावं?

फळाखडू

नववी-दहावीला उत्क्रांती शिकवताना पक्ष्यांचा विषय आला की आर्किऑप्टेरिक्स या पिसं आणि दात दोन्ही असलेल्या प्राचीन प्राण्याचं चित्र दाखवायचं, 'सरीसृप आणि पक्षी यांना जोडणारा दुवा' म्हणायचं आणि पुढे जायचं, असं होतं. मुलांचं समाधान होत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. एका जीवाश्मावरून एवढा मोठा निष्कर्ष कसा काढायचा? शिवाय 1999 सालच्या बनावट जीवाश्माचा व्हिडिओ कुणीतरी पाहिलेला असतोच. तीन गोष्टी हव्या आहेत: पुरावे कोणत्या क्रमाने मांडावेत, त्या बनावट प्रकरणावर नेमकं काय सांगावं, आणि कमी खर्चात मुलांच्या हातात काय देता येईल.

अश्मगंध

'दुवा' हा शब्द आधी बाजूला ठेवा. त्याने मुलांच्या डोळ्यांपुढे साखळीची एक कडी येते आणि ती निखळली की सगळं संपलं असं वाटतं. खरा पुरावा वेगळा आहे. पक्ष्यांची ओळख म्हणून आपण जी लक्षणं सांगतो, ती दोन पायांवर चालणाऱ्या, न उडणाऱ्या डायनासोरांमध्ये एकेक करून आधीच दिसू लागतात. पोकळ हाडं, छातीवरचं इंग्रजी V आकाराचं हाड (विशबोन), तीन बोटांचा हात, बाजूला मिटणारं मनगट, पिसं, अंड्यांवर बसणं. उडणं या सगळ्यानंतर आलं.

आर्किऑप्टेरिक्स दाखवाच, पण आइखश्टेटचा नमुना दाखवा. जर्मनीतल्या बव्हेरियातल्या चुनखडीत, सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या थरात, तो 1951 साली सापडला. पिसांचे ठसे फार पुसट होते, म्हणून तो कॉम्प्सोग्नेथस नावाचा लहान डायनासोर समजला गेला. तो आर्किऑप्टेरिक्स आहे हे 1973 साली जाहीर झालं. म्हणजे पिसं दिसली नाहीत तर निव्वळ सांगाड्यावरून तज्ज्ञांनाही तो डायनासोरच वाटला. दात, लांब हाडांची शेपटी, नख्या असलेली तीन सुटी बोटं, सगळं तिथे आहे. माझ्या मते पहिल्या तासाला एवढं एकच उदाहरण नीट समजावलं तरी पुष्कळ झालं.

दुसरं उदाहरण विशबोनचं, कारण त्यात शास्त्रज्ञांची चूक आणि तिची दुरुस्ती दोन्ही दिसतात. 1926 साली गेरहार्ड हाइलमान यांनी पक्ष्यांच्या उगमावरच्या आपल्या ग्रंथात पक्षी आणि मांसाहारी डायनासोर यांच्यातली साम्यं एकेक करून मांडली, आणि तरीही डायनासोर हे पूर्वज नव्हेत असा निष्कर्ष काढला. कारण एकच: या डायनासोरांना हासळीची हाडं नव्हती असं तेव्हा मानत, आणि विशबोन म्हणजे दोन हासळ्या जुळून झालेलं हाड. एकदा गेलेलं हाड परत येत नाही, असा त्यांचा तर्क. तर्कात खोट नव्हती, माहिती अपुरी होती. 1924 साली नाव दिलेल्या ओव्हिरॅप्टर या डायनासोरच्या दगडात विशबोन होतं, फक्त ते दुसरंच हाड म्हणून नोंदलं गेलं होतं. आता व्हेलोसिरॅप्टर आणि टायरॅनोसॉरसमध्येही ते सापडलं आहे.

एक खबरदारी घ्या. डायनासोरांचे 'पक्षी-नितंबी' आणि 'सरडा-नितंबी' असे दोन गट पुस्तकात येतात आणि मुलं साहजिकच म्हणतात की पक्षी पहिल्या गटातून आले. तसं नाही. ते सरडा-नितंबी गटातून आले. पक्ष्यांचं जघनास्थी (नितंबातलं एक हाड) मागे वळणं स्वतंत्रपणे घडलं. नावं जुनी आहेत, तीच चालू राहिली.

हाडांचीपेटी

हातात द्यायला कोंबडीच्या पंखाइतकं चांगलं साधन नाही. चिकनवाल्याकडून अख्खा पंख घ्या, टोकासकट आणि कातडीसकट. हे आधीच सांगावं लागतं, कारण सोललेल्या कोंबडीत पंखाच्या पुढच्या कडेची कातडी आणि तिच्यातली कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) निघून जाते आणि मग प्रयोग फसतो. फ्रीजमधला पंख ताठ असतो, अर्धा तास बाहेर ठेवा.

दंडाचं हाड एका हातात घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने फक्त कोपर सरळ करा. टोकाकडचा भाग हात न लावता उघडतो. कोपर मिटवा, टोक परत मागे मिटतं. कोपर हलला की पुढच्या हातातली दोन हाडं एकमेकांलगत सरकतात आणि मनगटाला वळवतात, कंडराही ओढतात. आता मुलांना स्वतःचं मनगट करंगळीच्या बाजूला वाकवायला सांगा. जेमतेम वाकतं. पंखाचं मात्र त्याच दिशेने पुरतं मिटतं, कारण मनगटात अर्धचंद्रासारखं एक हाड आहे, त्याच्या गोल कडेवरून हात फिरतो. मोठ्या कोंबडीत ते तळहाताच्या हाडांशी जुळून गेलेलं असतं; मांस काढल्यावर टोकाला कप्पीसारखा गोलवा लागतो तो हाच.

हेच अर्धचंद्राकृती हाड डायनोनिकस या मांसाहारी डायनासोरमध्ये आहे. 1964 साली पुराजीवशास्त्रज्ञ जॉन ऑस्ट्रम यांना अमेरिकेत मोंटाना राज्यात हा प्राणी सापडला, 1969 साली त्यांनी त्याचं वर्णन छापलं, आणि पुढे आर्किऑप्टेरिक्सच्या हाताशी तो ताडून पाहिल्यावर डायनासोरांचा मुद्दा पुन्हा उभा राहिला. जीवाश्मात हाडाचा आकार दिसतो, कंडरा दिसत नाही. म्हणून 'डायनोनिकसचा हातही असाच आपोआप मिटायचा' असं म्हणू नका; 'मनगट याच दिशेने वळायचं' एवढंच म्हणा.

टोकाला अंगठा शोधा, एक बारीकसा सुटा कोंब. काही कोंबड्यांत त्यावर इवलीशी नखी असते. ती बोटाच्या पोटाला टोचते तेव्हा मुलं जे बघतात ते चित्रातून येत नाही. नंतर सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे, कच्च्या चिकनमध्ये साल्मोनेला असू शकतो.

पिसारा

बनावट जीवाश्माबद्दल. त्याचं नाव आर्किओरॅप्टर. चीनच्या लिआओनिंग प्रांतातले वेगवेगळ्या प्राण्यांचे तुकडे चिकटवून तो विक्रीसाठी बनवला होता आणि 1999 साली नॅशनल जिओग्राफिक मासिकात झळकला. चिनी पुराजीवशास्त्रज्ञ शू शिंग यांना शेपटीच्या दगडाचा जोडीदार अर्धा भाग दुसऱ्याच प्राण्याला जोडलेला सापडला, आणि सीटी स्कॅनमध्ये 88 तुकडे मोजले गेले. म्हणजे खोटेपणा पुराजीवशास्त्रज्ञांनीच उघड केला. मुलांना हेही सांगा की धड यानोर्निस या प्राचीन पक्ष्याचं होतं आणि शेपटी मायक्रोरॅप्टरची, म्हणजे चारही हातापायांवर लांब पिसं असलेल्या खऱ्या डायनासोरची. दोन्ही प्राणी अस्सल, जोडणी खोटी.

पिसांचा पुरावा या एका दगडावर कधीच अवलंबून नव्हता. सायनोसॉरोप्टेरिक्स हा डायनासोर 1996 सालीच जाहीर झाला होता, सुमारे 12.5 कोटी वर्षांपूर्वीचा, अंगावर साधे तंतू. 2010 साली त्याच्या तंतूंमधल्या रंगकणांवरून शेपटीवर तांबूस-पांढरे पट्टे होते असं दिसलं. व्हेलोसिरॅप्टरच्या पुढच्या हाताच्या हाडावर 2007 साली सहा उंचवटे नोंदले गेले. पिसांची मुळं हाडाला बांधलेली असतात तिथे असे उंचवटे येतात. कोंबडीच्या हाडावर ते फारसे उठून दिसत नाहीत, तेव्हा तिथे शोधत बसू नका. उंचवटे नसले म्हणजे पिसं नव्हती असं होत नाही.

'खवला चिरत गेला आणि त्याचं पीस झालं' हे मात्र शिकवू नका. पीस त्वचेतल्या खळग्यातून पोकळ नळीसारखं वाढतं. आधी एकच तंतू, मग झुपका, मग मधला दांडा, शेवटी दोन्ही बाजूंना असमान रुंदीचं उडण्याजोगं पीस, असे टप्पे गर्भाच्या वाढीवरून मांडले गेले, आणि यातले बरेचसे लिआओनिंगच्या दगडांत वेगवेगळ्या प्राण्यांवर दिसतात.

फळाखडू

पंखाचा प्रयोग नक्की करतो. दोन शंका. हाडं साफ करून कायमची ठेवायची तर कशी? आणि महाराष्ट्रात डायनासोर सापडले, मग पिसं का नाहीत?

अश्मगंध

चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरांची हाडं आणि विष्ठेचे जीवाश्म मिळतात, पण तिथला लॅमेटा नावाचा खडकांचा थर बराचसा वाळू आणि मातीचा. पिसाचा ठसा उमटायला तळ्याच्या तळाशी बसणारा फार बारीक गाळ लागतो, प्राणी कुजायच्या आत झाकला जावा लागतो. लिआओनिंगला ज्वालामुखीची राख आणि तळी दोन्ही होती.

हाडांचीपेटी

गावठी, वर्षाच्या वरची कोंबडी घ्या. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत कापतात, तिच्या हाडांची टोकं कूर्चेची असतात, ती शिजताना गळून जातात. अख्खीच घ्या, करी कटमध्ये विशबोन तुटतं.

कुकर नको, त्यात बारीक हाडं खडूसारखी भुसभुशीत होतात. पातेल्यात मंद आचेवर दोन-तीन तास, पाणी खळखळू द्यायचं नाही. दोन्ही पंखांची टोकं मलमलच्या वेगवेगळ्या पुरचुंड्यांत बांधा, डावं-उजवं लिहून, नाहीतर मनगटाची दोन सुटी हाडं मांसाबरोबर फेकली जातात. जुन्या टूथब्रशने घासा, मग भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात तीन दिवस ठेवा, पाणी रोज बदला. ही पायरी गाळली की महिन्याभरात हाडांवर पिवळे तेलकट डाग येतात.

मेडिकलमधलं 6 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड तेवढंच पाणी घालून वापरा, एक दिवस पुरे. हातमोजे घाला, झाकण सैल ठेवा, वायू सुटतो. ब्लीच वापरू नका, ते हाडातलं प्रथिन खातं आणि वरचा थर सुटतो. सावलीत वाळवा. जोडायला पांढरा फेविकॉल बरा, चुकीचं जोडलं तर कोमट पाण्यात सुटतो.