मुक्या मेंबरचा खर्च : तुमच्या घरचा हिशोब सांगा

पिल्लू आणायचं का, यावर आमच्या घरात सध्या वाटाघाटी चालू आहेत. मुलं एका बाजूला, मी आणि बँकेचं पासबुक दुसऱ्या बाजूला. महिन्याच्या खाण्याचा आकडा कोणीही सांगतं, पिल्लू विकणारा तर सगळ्यात आधी. मला त्यापुढचं ऐकायचंय: आजारपण, गावी जाताना ठेवायची सोय, म्हातारपण. आणि ते पैसे तुम्ही कुठून काढलेत, तेही लिहा.

कोथरूड, लॅब, वय ११

आमच्या लॅब्रॅडोर कुत्रीचं पहिलं वर्ष लसींचं. दीड-दोन महिन्यांचं पिल्लू झालं की 'नाइन-इन-वन' ही अनेक रोगांवरची एकत्र लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने बूस्टर, तीन महिन्यांच्या आसपास रेबीज. शिवाय जंताचं औषध आणि वर्षभराने नसबंदी. हे सगळं धरूनच ठेवा.

दुसऱ्या वर्षापासून सात-आठ वर्षं मात्र मजेत जातात. खाणं, वर्षाची लस, गोचिडांची गोळी, संपलं. लोक इथेच फसतात, कारण त्यांना वाटतं हा खर्च असाच राहणार. आमच्या सासूबाई हिशोबाला पक्क्या. त्यांनी त्या स्वस्त वर्षांतच महिना दीड हजाराची आरडी उघडायला लावली आणि पासबुकावर पेन्सिलीने कुत्रीचं नाव लिहिलं. तिला नववं लागलं आणि गोचीड-ताप झाला. प्लेटलेट्स घसरलेल्या, रोज सलाइन, दोन दिवसांआड रक्ततपासणी, वर महिनाभर गोळ्या. ते निस्तरतंय तोवर मागच्या पायांचा संधिवात. आरडी मोडली, पण कोणापुढे हात पसरावा लागला नाही.

म्हातारपणाचा सगळा खर्च दवाखान्यातच होतो असंही नाही. गुळगुळीत फरशीवर तिचे पाय फाकतात, उठताच येत नाही. म्हणून योगा मॅट कापून तिच्या रोजच्या वाटेवर चिकटवल्यात: गादीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, तिथून दारापर्यंत. पाहुणे अडखळतात. अडखळू देत.

डोंबिवली, पर्शियन बोका

शुक्रवारी रात्री बोका सारखा लिटरमध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूच्या पेटीत, जाऊन बसत होता आणि थेंबभरही येत नव्हतं. नवीन लोकांनो, हे बद्धकोष्ठ समजून सकाळपर्यंत थांबू नका. बोक्याची लघवी अडली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, तीन रात्री भरती, बिल अठरा हजार. ते एकदाचं झालं. पण तेव्हापासून लघवीच्या त्रासासाठीचं वेगळं खाणं कायमचं मागे लागलंय, साध्याच्या दुपटीहून महाग. पेटीत मात्र बेंटोनाइट मातीऐवजी लाकडाच्या पेलेट घालतो, तेवढीच बचत.

लालबाग

मुंबईकरांनी परळचं जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल विसरू नये. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, १८८३ पासूनचं. माझ्या अनुभवात खासगीपेक्षा बराच कमी खर्च येतो. रांग असते, तेव्हा हाफ डे टाकूनच जा.

नाशिक

सगळे आकडेच लिहितायत म्हणून विचारतो. आमच्या आजोळी चार-चार कुत्री असायची, कोणी वही मांडली नाही. हिशोब करून जीव लावता येतो का?

कोल्हापूर, दवाखान्याच्या काउंटरवरून

नाशिककर, राग मानू नका, पण आजोळची ती चार कुत्री किती वर्षं जगायची तेही आठवा.

मी बिलं करते. पार्व्हो या आतड्यांच्या विषाणूजन्य आजाराचं पिल्लू येतं, उलट्या, रक्ताचे जुलाब. विषाणूवर थेट औषध आमच्याकडे नसतं. पाच-सहा दिवस सलाइन लावून पिल्लाला तगवायचं, एवढंच हातात असतं. अंदाज वीस हजारांच्या घरात गेला की ज्यांनी पिल्लाला तीस हजार मोजलेले असतात तेच लोक "घरी नेतो" म्हणतात. लस हजाराच्या आत झाली असती. दुसरीकडे एक रिक्षावाले काका आहेत, स्टँडवरच्या कुत्रीचं पायाचं ऑपरेशन हप्त्यांवर करून घेतलं. दर सोमवारी सुटे पैसे मोजून जातात. विम्याचं बरेच जण विचारतात: वयाची अट आणि आधीपासूनचे आजार ही दोन कलमं सही करण्याआधी वाचा.

संगमेश्वर तालुका

आमच्याकडे भाकरी, भात, माशांची डोकी, त्यामुळे खाण्याचा वेगळा खर्च नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात केसपेपरचे किरकोळ पैसे. रेबीजची लस तालुक्याहून बर्फाच्या थर्मासमध्ये आणतो, कारण गरम झाली की वाया. तुमच्या यादीत नसलेला एक खर्च मात्र आहे: बिबट्या. तो मानेलाच धरतो, म्हणून वेल्डिंगवाल्याकडून खिळ्यांचा पट्टा करून घेतलाय. खिळे बोथट झाले की परत त्याच्याकडे.

बर्लिन

इथे कुत्र्यावर कर आहे. पहिल्याला वर्षाला १२० युरो, पुढच्या प्रत्येकाला १८०. तुमच्या कुत्र्याने कोणाचं नुकसान केलं तर भरपाईचा विमाही सक्तीचा. डॉक्टरांची फी सरकारी दरपत्रकाप्रमाणे. ते २०२२ च्या नोव्हेंबरात वाढलं. रात्री-अपरात्री गेलात तर दुप्पट ते चौपट, वर ५० युरो. मांजरावर कर नाही, म्हणून आईची मांजर पुण्याहून आणली. आधी कातडीखाली ओळखीची चिप, मग रेबीजची लस, किमान ३० दिवसांनी ती लागू पडली का ते बघायला रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला, तो पास झाला तरी नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. तिकिटाचे पैसे सोडा, त्या तीन महिन्यांत आईने मांजरीला जे लाडावून ठेवलं त्याची किंमत अजून मोजतेय.

सोलापूर

आमच्याकडे मिठू आहे. डाळ आणि मिरची, खर्च शून्य.

कोथरूड, लॅब, वय ११

सोलापूरकर, देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. वनखात्याला विचारून त्याची सोय करा.

ठाणे

गणपतीला गावी जाताना आमच्या सगळ्या बजेटची वाट लागते. बोर्डिंगचे दिवसाला सातशे, आणि जुलैतच सगळं फुल्ल. रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे हवा, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी, जी मला बघवत नाही. शेवटी सोसायटीतल्या तीन घरांनी साटंलोटं केलंय: सणाला तुमचं आमच्याकडे, मे महिन्यात आमचं तुमच्याकडे. खाणं ज्याचं त्याने द्यायचं, लसीचं कार्ड आणि डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर, आणि पाच हजार आधीच पाकिटात, म्हणजे रात्री काही झालं तर फोनवर परवानगी घेत बसायला नको. यंदा आमच्याकडे दोन मांजरं येणार आहेत. आमच्या बीगलला अजून सांगितलेलं नाही.