कोकेनची लस खरंच मिळते का? आत्याला कसं समजवावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातून लिहितोय. माझा आतेभाऊ, वय 24, गोव्यात हॉटेलात कामाला होता. सीझनच्या रात्रपाळ्यांत कुणीतरी 'झोप येणार नाही' म्हणून पावडर दिली, ती चिकटलीच. नोकरी गेली, आता घरी आहे. सारखं नाक ओढतो, रुमालाला रक्ताचे डाग. दोन दिवस मेल्यासारखा झोपतो, तिसऱ्या दिवशी घरात भांडण काढून स्टँडवर गोव्याची गाडी बघत उभा.

पण माझी अडचण आत्याची जास्त आहे. तिला व्हॉट्सॲपवर आलं, 'ब्राझीलमध्ये कोकेनवर लस निघाली, एक इंजेक्शन की व्यसन बंद'. बेळगावातला एकजण ती मागवून देतो म्हणाला आणि आगाऊ पैसे मागतोय. आत्यानं लस ठेवायला फ्रिजच्या दारातला अंड्यांचा कप्पासुद्धा मोकळा करून ठेवलाय! दवाखान्याचं नाव काढलं की 'लस येऊ दे, मग बघू'.

मी थोडं वाचलं. कल्पना भन्नाट आहे. कोकेनचा रेणू इतका लहान की शरीराची प्रतिकारशक्ती त्याची दखलच घेत नाही. म्हणून तो एखाद्या मोठ्या प्रथिनाला जोडून टोचतात, एका लशीत तर कॉलराच्या विषाचा निरुपद्रवी भाग वापरला होता. मग तयार झालेल्या अँटीबॉडी रक्तातच कोकेनला धरतात आणि ती जोडी मेंदूत शिरू शकत नाही. नशाच चढत नाही.

अमेरिकेत हे माणसांवर करून झालंय. 2009 साली निकाल आलेल्या चाचणीत 115 जण होते, 12 आठवड्यांत पाच इंजेक्शनं. पुरेशा अँटीबॉडी फक्त 38 टक्के लोकांत तयार झाल्या, त्याही दोनेक महिनेच टिकल्या. पुढं 300 जणांवरची मोठी चाचणी झाली, 2014 ला निकाल आला, त्यात लस अपेक्षेला उतरली नाही. ब्राझीलची 'कॅलिक्सकोका' वेगळी, तिला 2023 मध्ये मोठं बक्षीस मिळालं, पण तेव्हा ती प्राण्यांवरच तपासलेली होती. मग हा माणूस आणणार काय, कपाळ?

तर जाणकारांनो, माझं काही चुकत असेल तर सांगा. आणि लस नाही तर मग काय? आत्याला पोलिसांचीही धास्ती आहे. शिवाय पोरगं मराठी शाळेत शिकलेलं, कन्नड जेमतेम, पुण्याला न्यायचं म्हटलं तर आत्या एकटी पडते.

मलप्रभाकाठ: दादा, पैसे अजिबात देऊ नका. मी व्यसनमुक्तीच्या वॉर्डात नर्स होते. लस उद्या आली तरी ती तलफ मारत नाही, फक्त नशा अडवते. त्या चाचण्यांत काहींनी नशा येईना म्हणून कोकेन कितीतरी पट वाढवलं होतं, घरी असं झालं तर हार्टवर येईल. आणि ती कोकेनपुरतीच, पोरगं दारूकडं वळलं की संपलं.

कोकेनची सवय सोडवणारी मान्यताप्राप्त गोळी अजून नाही, हेही आत्यांना सांगा, नाहीतर उद्या कुणी गोळी विकेल. समुपदेशन आणि लघवीची तपासणी स्वच्छ आली की छोटं बक्षीस, ही पद्धत त्यातल्या त्यात चांगली लागू पडते. धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय आहे, तिथं दाखवा. आधी 14416 ला फोन करा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं.

निपाणीकर: पोलिसांचं म्हणाल तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 64अ वाचा. थोड्या मालात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर खटल्यातून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले तर सूट जाऊ शकते. विकणाऱ्याला यातलं काही नाही, त्यामुळे तुमच्या पोरानं कुणाला पुरवलंय का ते आधी विचारून घ्या, मग वकील गाठा.

धागाकर्ता: दोघांचे आभार. पुरवल्याचं विचारलं, नाही म्हणतो, बघू. 14416 वर आत्याला स्वतःला बोलता येईल का, का पेशंटच लागतो? माझं ती ऐकणार नाही, पण फोनवर बाईमाणूस मराठीत बोललं तर ऐकेल.

मलप्रभाकाठ: घरच्यांनीही करायचा असतो. तो झोपलेला असताना लावा आणि त्या मेसेजचंच विचारायला सांगा त्यांना.