एकाच केबलवर इंटरनेट आणि टीव्ही : स्प्लिटर बसवल्यापासून मोडेम सारखा बंद पडतो

कोथरूडकर यांचा प्रश्न :

नमस्कार. आमचा फ्लॅट कोथरूडमधील एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर असून, गच्चीवरून येणारी केबल बिल्डरने भिंतीत घातलेल्या एकाच पाइपातून दिवाणखान्यात उतरते. त्या पाइपात तशीच दुसरी केबल ओढण्यास जागा नाही आणि इमारतीचे रंगकाम नुकतेच झाल्यामुळे बाहेरच्या भिंतीवरून नवी वायर आणायला कमिटी परवानगी देत नाही. टीव्ही आणि इंटरनेट दोन्ही एकाच केबल ऑपरेटरचे आहे. त्यामुळे त्याच्या माणसाने टीव्हीमागे स्प्लिटर बसवून एक फाटा सेट टॉप बॉक्सला आणि दुसरा मोडेमला दिला. टीव्हीचे चित्र स्वच्छ दिसते. मात्र संध्याकाळी मोडेमवरचा ‘ऑनलाइन’चा दिवा लुकलुकू लागतो, आणि व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा आवाज मला नीट ऐकू येत असला तरी माझा आवाज त्याला तुटक ऐकू येतो. ऑपरेटर म्हणतो की, टीव्ही चालतो आहे म्हणजे लाइन ठीक आहे, दोष मोडेमचा आहे. टीव्ही चालू असताना इंटरनेटचा वेग वाटला जातो का? बूस्टर लावावा, असे शेजाऱ्यांनी सुचवले आहे. त्याचा उपयोग होईल का?

सिग्नलवाला यांचे उत्तर :

वेग वाटला जात नाही, सिग्नलची ताकद वाटली जाते. त्या एकाच तारेत टीव्हीच्या वाहिन्या, तुमच्याकडे येणारा डेटा आणि तुमच्याकडून जाणारा डेटा वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर असतात. वाहिन्या आणि येणारा डेटा साधारणपणे १०० ते ८६० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजारी शेजारी बसतात, तर जाणारा डेटा पार खाली, ५ ते ६५ मेगाहर्ट्झमध्ये आणि काही यंत्रणांत ४२ पर्यंतच असतो. त्यामुळे टीव्ही रात्रभर चालू ठेवला तरी इंटरनेटला त्याचा पत्ताही लागत नाही.

स्प्लिटरचे मात्र तसे नाही. दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक फाट्यावर सुमारे ३.५ डेसिबल घट होते, चार तोंडांच्या स्प्लिटरमध्ये सुमारे ७, आणि ही घट जाणाऱ्या सिग्नललाही तितकीच भोवते. आपला आवाज ऑपरेटरच्या यंत्रापर्यंत पोहोचावा म्हणून मोडेम ताकद वाढवत जातो, पण त्यालाही मर्यादा असते. ती आली की संपर्क तुटतो आणि मोडेम पहिल्यापासून जोडणी करू लागतो. तुमचा आवाज तुटतो आणि समोरच्याचा तुटत नाही, याचा अर्थ तुमची परतीची वाट अडचणीत आहे.

‘टीव्ही चालतो म्हणजे लाइन ठीक’ हे म्हणणे अॅनालॉगच्या काळात चालून जाई, कारण तेव्हा सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या येत. सेट टॉप बॉक्स सक्तीचा करण्यासाठी पुण्याला ३१ मार्च २०१३ ही मुदत होती, आणि त्यानंतरचे डिजिटल चित्र सिग्नल काठावर येईपर्यंत स्वच्छच राहते. शिवाय त्या बॉक्सला फक्त ऐकायचे असते, मोडेमला बोलायचेही असते.

बूस्टर लावू नका. बाजारात मिळणारा साधा बूस्टर एकाच दिशेने काम करतो आणि परतीची वाट पूर्णच बंद करतो. त्याऐवजी स्प्लिटरला किती तोंडे आहेत आणि त्यावर कोणती फ्रिक्वेन्सी छापली आहे, ते पाहा. ‘५-१०००’ हवे, अँटेनासाठीचे जुने स्प्लिटर ४०-४५ मेगाहर्ट्झच्या पुढेच काम करतात आणि डीटीएचचे काही ९५० पासून. तसेच ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाका. बहुतेक केबल मोडेमचे सिग्नलचे पान तिथे उघडते, त्यातील आकडे इथे द्या.

फायबरच बरे यांचे उत्तर :

ऑपरेटर फायबर देत असेल तर तेही विचारून पाहा. चपटी फायबर केबल जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असल्याने तुमच्या भरलेल्या पाइपातही कदाचित सरकेल. त्या एका फायबरमध्ये इंटरनेट १४९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर येते आणि १३१० वर जाते. ऑपरेटरने सोय केली असेल तर टीव्ही १५५० वर येतो. फायबर जिथे संपते त्या घरातल्या डब्यातून टीव्हीसाठी वेगळी नेहमीची गोल केबल निघत असल्याने पुढे कितीही फाटे फोडले तरी मोडेमला धक्का लागत नाही. कपाटामागे फायबर दुमडू मात्र देऊ नका. वळणाचा त्रास १५५० ला सर्वांत जास्त होतो, म्हणून आधी टीव्ही जातो आणि इंटरनेट चालू राहिल्यामुळे सगळे सेट टॉप बॉक्सला दोष देत बसतात.

कोथरूडकर :

आभारी आहे. स्प्लिटर चार तोंडांचा असून दोन तोंडे रिकामी आहेत. त्यावर ५-१००० छापलेले आहे. पानावर येणाऱ्या सिग्नलची पातळी उणे ११, एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती वर आहे तो आकडा) ३१ आणि जाणाऱ्याची पातळी ५३ दिसते.

सिग्नलवाला :

मग कारण समोरच आहे. येणारी पातळी उणे ७ ते अधिक ७ डेसिबल-मिलिव्होल्टच्या आत असावी, आणि जाणारी ३५ ते ५० च्या दरम्यान असली की मोडेमला श्वास घ्यायला जागा राहते. ५३ म्हणजे तो जवळजवळ ओरडतोच आहे. संध्याकाळी घराघरांतली उपकरणे सुरू झाली की परतीच्या वाटेवर सगळ्या फ्लॅटांचा गोंगाट एकत्र जमतो, आणि मोडेमजवळ आणखी जोर लावायला ताकद उरत नाही. चार तोंडांऐवजी दोन तोंडांचा चांगला स्प्लिटर बसवला तर दोन्ही बाजूंना सुमारे ३.५ डेसिबल परत मिळतील, म्हणजे आकडे उणे ७.५ आणि ४९.५ च्या आसपास येतील. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत असे स्प्लिटर मिळतात. तेवढ्याने भागले नाही तर ऑपरेटरकडे ‘टॅप’ मागा. त्यात मुख्य वाट जवळपास तशीच मोडेमला जाते आणि टीव्हीला थोडासाच वाटा मिळतो. टीव्हीला तो पुरेल, कारण तो आताही तक्रार करत नाही.

कनेक्टर बदलताना केबल सोलल्यावर बाहेरच्या जाळीचा एखादाही केस मधल्या तारेला टेकत नाही ना, हे उजेडात धरून पाहा. दाबून बसवायचे कनेक्टर घ्या. फिरवून चढवलेले कनेक्टर सैल होतात आणि बाहेरचा गोंगाट तिथूनच आत शिरतो.

ऑपरेटरला बोलावण्याआधी एका संध्याकाळी स्प्लिटर काढून केबल थेट मोडेमला जोडा आणि आकडे पुन्हा लिहून घ्या. तेव्हाही दिवा लुकलुकला आणि जाणारी पातळी ५० च्या वरच राहिली, तर दोष गच्चीवरच्या जोडणीत किंवा पाइपातल्या केबलमध्ये आहे आणि तो दुरुस्त करणे त्याचे काम आहे. त्याच्या मीटरवर आकडे डेसिबल-मायक्रोव्होल्टमध्ये दिसतील, त्यातून ६० वजा करा. तुमचे उणे ११ तिथे ४९ असे दिसेल.