शब्दचर्चा: क्लाउडवरून ऑफिस वापरायला दिलं तर ते 'वितरण' होतं का?

आम्ही काही शाळांना ब्राउझरमध्ये चालणारं ओपन सोर्स (खुल्या कोडचं) ऑफिस, म्हणजे लिखाणाचं आणि तक्त्यांचं सॉफ्टवेअर, आमच्या सर्व्हरवरून देणार आहोत, त्याचं माहितीपत्रक मी मराठीत लिहितोय. परवान्याच्या भागात डिस्ट्रिब्यूशनला सगळीकडे 'वितरण' लिहिलं. एका मुख्याध्यापक बाईंनी वाचून विचारलं, "आपण शाळांना वितरण करणारच ना, मग सगळा कोड पण द्यावा लागेल?" त्यांचं काही चुकलं नाही, शब्दच तसा आहे. दुसरा कुठला वापरू?

~

बाईंना तसंच वाटणार दादा. महावितरण वीज देते तेही वितरण आणि रेशन दुकानात धान्य मिळतं तेही वितरणच, म्हणजे आपल्याकडे सेवा पोचवणं आणि वस्तू हातात देणं दोन्हीला एकच शब्द चालतो. जीपीएल या ओपन सोर्स परवान्याचा सगळा भर मात्र प्रतीवर आहे, प्रत दुसऱ्याला दिली तरच कोड द्यावा लागतो. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत डिस्ट्रिब्यूट हा मुख्य शब्द म्हणून बाजूलाच ठेवला, कारण देशोदेशीच्या कॉपीराइट कायद्यात त्याचा अर्थ वेगवेगळा निघत होता, आणि त्याजागी कन्व्हे (पोचवणे) घेतला. त्याच्या व्याख्येतच सांगितलंय की नेटवर्कवरून नुसता वापर झाला, प्रत कोणाकडे गेली नाही, तर ते कन्व्हे नाही. म्हणून मी तरी सरळ 'प्रत देणे' लिहीन.

~

'हस्तांतरण' कसं वाटतं?

~

नको. सातबाऱ्यावर हस्तांतरण झालं की जमीन पहिल्याची राहत नाही, इथे माझी प्रत माझ्याकडे राहतेच. 'प्रत देणे' चांगलं आहे. पण एक लक्षात घ्या, ब्राउझरमधल्या ऑफिसचा जावास्क्रिप्टचा भाग वापरणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर उतरतो, म्हणजे तेवढी प्रत आपण दिलीच. कोलाबोरा ऑनलाइन या अशाच एका ऑफिसचा बहुतेक कोड एमपीएल २.० या दुसऱ्या परवान्याखाली आहे, त्यातल्या अशा फाइली तुम्ही बदलल्या असतील तर त्या फाइलींचा सोर्स (मूळ कोड) द्यायची तयारी ठेवा. सर्व्हरवरच राहणाऱ्या भागाला एमपीएलची ती अट लागत नाही.

~

आणि ओन्लीऑफिस हे दुसरं ऑफिस घेणार असाल तर हिशोब बदलतो दादा, ते एजीपीएल या जीपीएलच्याच भावंड परवान्याखाली येतं. त्याचं तेरावं कलम नेमकं या क्लाउडसाठीच आहे: प्रोग्रॅममध्ये बदल करून नेटवर्कवर चालवला तर जे जे लांबून वापरतात त्या सगळ्यांना त्या बदललेल्या आवृत्तीचा सोर्स मिळायची सोय ठेवायची, प्रत दिली नसली तरी. बदल केलाच नाही तर हे कलम लागत नाही. इथे मला दुसऱ्या एका शब्दाची जास्त काळजी वाटते. मॉडिफाइडला लोक 'सुधारित' लिहितात! सुधारित म्हटलं की माणसाला वाटतं काहीतरी चांगलं, मोठं काम केलं असेल तरच लागू, आणि मग मेन्यूतली चार मराठी वाक्यं कोडमध्ये बदलली ती कोणी मोजतच नाही. तोही बदलच आहे. 'बदललेला' लिहा, कृपा करून.

~

परवाना या शब्दाबद्दलपण बोलायला हवं खरं तर, दुकानाचा परवाना म्हटलं की अर्ज, फी, नूतनीकरण डोळ्यासमोर येतं, आणि इथे अटी पाळणाऱ्याला परवानगी आधीच दिलेली असते. पण तो शब्द आता रुळलाय, राहू दे. फक्त 'मोफत परवाना' लिहू नका, मुक्त आणि मोफत यात फरक आहे, तुम्ही सर्व्हरच्या खर्चाचे पैसे शाळांकडून घेतले तरी परवाना मोडत नाही. नाव आणि लोगो मात्र वेगळे, कोडची परवानगी मिळाली म्हणजे ट्रेडमार्कची मिळाली असं होत नाही.

~

सगळ्यांचे मनापासून आभार. ओन्लीऑफिसच घ्यायचं चाललंय, तर वाक्य असं केलंय: "शाळांना आम्ही या ऑफिसची प्रत देत नाही, ते आमच्या सर्व्हरवर चालतं. पण त्यात आम्ही काहीही बदललं असेल तर बदललेल्या आवृत्तीचा पूर्ण सोर्स वापरणाऱ्या प्रत्येकाला स्क्रीनवरच्या लिंकवरून मिळेल."

~

पहिलं वाक्य काढा. जावास्क्रिप्ट उतरतंय ना, मग 'प्रत देत नाही' कसं म्हणणार? दुसरं तेवढं ठेवा.