तुरट, कडू, हिरवट: रेड वाइनच्या चवीला मराठीत काय म्हणायचं?

विचारणा

आम्ही काही मित्र नाशिकला वेगवेगळ्या देशांतल्या, खिशाला परवडणाऱ्या रेड वाइन शेजारी शेजारी ठेवून चाखतो. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळतो, म्हणजे नाव बघून कुणी भुलत नाही. नोंदी मराठीत ठेवायचं ठरवलं आणि तिथेच अडलो. चिलीची असो, स्पेनची असो की दिंडोरीची, निम्मे जण प्रत्येक बाटलीपुढे 'कडू' लिहून मोकळे होतात. टॅनिनसाठी, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येणाऱ्या, तोंड आवळणाऱ्या द्रव्यासाठी, 'कषाय' लिहावं का? 'बॉडी' (तोंडात जाणवणारा दाटपणा) आणि 'फिनिश'ला (गिळल्यावर मागे राहणारी चव) काय म्हणावं? आणि 'व्हॅल्यू फॉर मनी'ला 'स्वस्त'पेक्षा बरा शब्द आहे का?

प्रतिसाद

'कषाय' वैद्यांच्या पोथीत राहू द्या. आपल्याकडे 'तुरट' हा रोजच्या वापरातला, अचूक शब्द आहे. अडचण एवढीच की तुरट लागलं तरी आपण 'कडू' म्हणतो. कडू ही चव आहे, तुरट हा जवळजवळ स्पर्श आहे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत लागते. घोट गिळल्यावर वरच्या हिरड्यांच्या आतून जीभ फिरवून बघा. अडखळत असेल तर 'तुरट' लिहा. जिभेच्या मुळाशी कारल्यासारखं काही रेंगाळत असेल तरच 'कडू'. आंबट ओळखणं तर सोपं: त्याने लाळ सुटते, तुरटाने आटते. फारच आंबट असेल तर दात आंबतात, आणि 'दात आंबवणारी' हा नोंदवहीत लिहायला उत्तम शेरा आहे.

पण नुसतं 'तुरट' लिहून भागत नाही. स्वस्त आणि चांगली यांतला फरक बहुतेक वेळा तुरटपणाच्या जातीत असतो, आणि त्यासाठीचे शब्द बागेतच आहेत. मण्यात पाणी उतरलं की मणी मऊ पडतो, रंग धरतो. पण बी तेव्हाही हिरवंच असतं. वाइनच्या द्राक्षाचा जाणता बागायतदार काढणीच्या आधी नुसत्या साखरेच्या आकड्यावर विसंबत नाही. मणी तोंडात टाकतो, रस गिळतो, साल दाढेखाली रगडतो आणि शेवटी बी चावतो. बी हिरवं असेल तर ते चिवट लागतं आणि तोंड आवळून येतं. तपकिरी झालं असेल तर कटकन फुटतं आणि खमंग लागतं. म्हणून मी 'कच्चा तुरट' आणि 'पिकला तुरट' असे दोन शब्द वापरतो. कच्चा तुरट हिरड्यांना ओरबाडतो. पिकला तुरट बारीक असतो, जेवणातल्या मटणाबरोबर तर जाणवतही नाही.

'हिरवट' मात्र वेगळं ठेवा, तो वासाचा शब्द आहे. काबर्ने सोव्हिन्यों किंवा चिलीतली कार्मेनेर ही द्राक्षं नीट पिकली नसतील तर वाइनला ढोबळी मिरची चिरल्यासारखा वास येतो. (चिलीत ही कार्मेनेर कितीतरी वर्षं मर्लो या दुसऱ्या द्राक्षाच्या नावानेच खपत होती, १९९४ साली तिची ओळख पटली.) शिराज द्राक्षाच्या वाइनमध्ये येतो तो काळ्या मिरीचा वास, आणि तो दोष नव्हे. नोंदीत नुसतं 'मिरीमिरचीचा वास' लिहिलंत तर गुण आणि दोष एकाच रकान्यात जातील.

'बॉडी'ला पातळ, भरीव, दाट हे शब्द पुरतात. 'फिनिश'ला नाम शोधत बसू नका, क्रियापद वापरा: चव रेंगाळते, चव लगेच विरते. मराठीला तेच जास्त शोभतं.

प्रतिसाद

'पातळ'च्या जागी आमच्याकडे 'पाणचट' म्हणतात.

प्रतिसाद

पाणचट म्हणजे जिच्यात रस हवा होता आणि उरला नाही ती. हलकी वाइन मुळातच हलकी असू शकते. फ्रान्समधल्या बोजोले प्रांतातल्या गामे द्राक्षाच्या वाइनला 'पाणचट' म्हणणं अन्यायाचं होईल, ती 'हलकी'. जास्त घड लादलेल्या वेलींची फिकी वाइन, ती पाणचट.

राहिला 'व्हॅल्यू'चा प्रश्न. मी 'किमतीला जागणारी' म्हणतो. मिठाला जागतात तशी वाइन दिलेल्या पैशाला जागली पाहिजे. हे ठरवताना किंमत नाशिकच्या दुकानातली धरा. स्पेनमधल्या कालातायुदची गार्नाचा, अर्जेंटिनातल्या मेंदोझाची मालबेक, दक्षिण फ्रान्समधली कोत द्यू रोन या तिकडे रोजच्या जेवणातल्या वाइन म्हणून नावाजलेल्या. पण आयात वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क राहिलं, वर राज्याचे कर. तिकडची किमतीला जागणारी बाटली इथे येईपर्यंत वेगळ्याच रांगेत जाऊन बसते आणि तिची गाठ नाशिकच्या चांगल्या, लाकडी पिंपात मुरवलेल्या शिराजशी पडते. या तुलनेत आपली शिराज पुष्कळदा सरस ठरते, असं माझं ठाम मत आहे. स्पेनमधल्या रिओहाची 'क्रिआन्झा' मात्र महाग पडूनही मी घेतो. किमान दोन वर्षं मुरवल्याशिवाय, आणि त्यातलं एक वर्ष ओकच्या पिंपात घालवल्याशिवाय, तिच्या बाटलीवर तो शब्द छापता येत नाही. 'मुरलेली' या शब्दाचा अर्थ तिथे कायद्याने राखलाय.

प्रतिसाद

दोषांचे दोन शब्द यादीत घाला. बुचातल्या दोषाने ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, त्याला 'कुबट' चपखल बसतो. आणि उघडी राहून हवेने मेलेली बाटली ती 'उतरलेली'.

प्रतिसाद

दोन्ही घेतले. त्यांच्या जोडीला 'चरचरीत' पण ठेवा, घशात अल्कोहोल झोंबतं त्यासाठी. पण तो शेरा लिहिण्याआधी बाटली किती गरम आहे ते बघा. रेड वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी हा सल्ला थंड देशांतल्या खोल्यांचा, साधारण १६ ते १८ अंशांचा. एप्रिलमधल्या नाशिकच्या खोलीत कुठलीही रेड चरचरीतच लागेल. वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, पुन्हा चाखा आणि मग लिहा.